लाकेरीला बोलावणं नाही

लाकेरीला बोलावणं गेलेलं नाही, हे गावाला कळायला दोन दिवस लागले. लाकेरीला कळायला अर्धा दिवस पुरला, आणि ती तर दोन टेकड्या पलीकडे राहत होती.

मंगळवारी सकाळी ती भाड्याच्या सायकलवर मागे बसून आली. याफेसी केळीच्या बागेत वाळकी पानं कापत होता. बहीण सायकलवरून उतरली, पायघोळ झग्यासारखी गोमेसी झटकली आणि कमरेचा रुंद पट्टा सोडून पुन्हा आवळला. याफेसीने कोयता खाली ठेवला. तो बासष्ट वर्षांचा झाला होता. पण ताईने पट्टा आवळला की आपलं काही खरं नाही, हे तो सहा वर्षांचा असल्यापासून जाणून होता.

"शनिवारी तुझ्या नाबोसाला मागायला येताहेत म्हणे," ती म्हणाली.

"हो ताई."

"मोठं जेवण आहे म्हणे."

"आहे."

"बोकड किती?"

"दोन. शिवाय कोंबड्या."

"बरं केलंस. आणि खायला कोण?"

याफेसी घरात गेला आणि पुस्तक घेऊन आला. केळीच्या बुंध्याला टेकून उभा राहिला, पान काढलं आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत त्याने तिला ते वाचून दाखवलं. जेवण घालशील तेव्हा मित्रांना बोलावू नको, भावांना नको, नातलगांना नको, पैसेवाल्या शेजाऱ्यांना नको. ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होऊन जाईल. गरिबांना बोलाव, लुळ्यालंगड्यांना बोलाव, आंधळ्यांना बोलाव. त्यांच्याकडून फेड व्हायची नाही. तुझी फेड मेलेले उठतील त्या दिवशी होईल.

"हे येशूनं सांगितलंय," पुस्तक मिटून तो म्हणाला. "मी नाही."

"यात बहिणी कुठं आहेत?"

त्याने याचाही विचार करून ठेवला होता. "नातलगांत येतात."

"मी नातलग!" लाकेरी सायकलवाल्याकडे वळली. "ऐकलंस का रे? याला पाठीला बांधून मी कॉफी वेचलीय. याचं नाक पुसलंय. मी नातलग!"

सायकलवाला गावातला होता. तो शहाण्यासारखा चाकातली हवा बघू लागला.

"बरं, मी नातलग," लाकेरी म्हणाली. "मग शनिवारी नवऱ्याला कोण ओळखणार?"

हाच खरा प्रश्न होता. मुलगी मागायला नवरा येतो तो उपरा म्हणून येतो. पांढरे पायघोळ कांझू घातलेल्या पन्नास पुरुषांत तो गुपचूप बसलेला असतो. त्याला त्यांच्यातून हुडकायचं, त्याच्या छातीला फूल टोचायचं आणि 'हा माझा माणूस, याला मी या घरात आणलंय' असं सगळ्यांदेखत म्हणायचं, हा मान मुलीच्या आत्याचा. बाप हे करू शकत नाही, आई करू शकत नाही. आत्या नाही तर नवरा नाही, आणि नवरा नाही तर आलेले लोक भेटींनी भरलेल्या आपल्या टोपल्या उचलून परत जातात.

"येशू बघून घेईल," याफेसी म्हणाला.

"येशूचं लग्न झालं नव्हतं, याफेसी. त्याला आत्या लागली नाही. नाबोसाला लागते."

एवढं बोलून ती सायकलवर बसली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, पण पट्टा मात्र आणखी एकदा आवळला.

खरं कारण याफेसीने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याची बायको एसेझा जाऊन चौदा महिने झाले होते. छत्तीस वर्षं ती रोज संध्याकाळी कंदिलाशी बसून वाचायची आणि तो शेंगा सोलत ऐकायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, त्याची गरजही पडली नव्हती. ती गेली आणि पुस्तक पेटीवर तसंच राहिलं. घरात इतकं शांत झालं की तो चर्चमध्ये शिकवणाऱ्या मास्तरांकडे जाऊन बसला आणि या वयात वाचायला शिकला. पुढचा शब्द पळून जाईल की काय, अशा भीतीने तो प्रत्येक शब्द बोटाखाली दाबून धरायचा. एसेझा वाचायची तेव्हा त्याला गोष्ट ऐकू यायची. आता त्याला शब्द दिसत.

आणि एक दिवस हे शब्द दिसले. एसेझाने जन्मभर लोकांना जेवू घातलं होतं, पण कुणाला? लाकेरीला, झेफानियाला, चुलत्यांना, मावसभावांना, त्यांच्या पोराबाळांना. त्या सगळ्यांनी तिला उलट जेवू घातलं होतं. एकजणही राहिला नव्हता. म्हणजे तिची सगळी फेड इथेच होऊन गेली होती. मग सगळे उठतील त्या दिवशी काय? इतर बायकांना हाका मारून त्यांचं त्यांना देतील, आणि एसेझा एका बाजूला रिकाम्या हातांनी उभी असेल. हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून त्याने ठरवलं, की घरातलं हे एवढं जेवण पुस्तकात आहे तंतोतंत तसं घालायचं आणि मनातल्या मनात एसेझाच्या नावे करायचं. त्याला त्याची लाज वाटत होती. सांगितलं असतं तर सगळ्यांनी दया केली असती आणि मग त्याला काहीच करू दिलं नसतं.

मुलं त्या यादीत नव्हती, म्हणून नाबोसा आणि दामुलिरा वाचले.

गरीब शोधताना मात्र याफेसीच्या नाकी नऊ आले. तो दारोदार फिरला. "तुम्ही गरीब आहात, तर शनिवारी जेवायला या," असं तो सरळ सांगायचा. त्याला फिरवून बोलता येत नव्हतं. मडकी करणारी म्हातारी म्हणाली, "मी गरीब? माझ्या छपरावर पत्रा आहे. वर बघ." दोन घरं पलीकडे राहणाऱ्या माणसाने त्याला आपल्या तिन्ही बकऱ्या नावांनिशी दाखवल्या. याच्या उलट कॉफीची गिरणी असलेल्या किबिरिगेने निरोप धाडला, की गिरणीचा पट्टा तुटलाय, तेव्हा रविवारपर्यंत मी गरीबच आहे.

झेफानिया बुधवारी आला. हा याफेसीचा धाकटा भाऊ. कॉफीच्या लॉरीवरून पडल्यापासून त्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. तोंड मात्र चारही दिशांना वाकायचं. घरातलं कुठलंही मागणं असो, मुलीकडच्या बाजूने बोलायला उभा राहायचा तो झेफानियाच.

"दादा, माझं काय ते ठरव," तो काठी दाराला टेकवून म्हणाला. "भाऊ म्हणून मला हाकलायचंय की लंगडा म्हणून बोलवायचंय? मला कांझू धुवायला टाकायचाय."

याफेसी दोन रात्री याच प्रश्नावर अडला होता. "पुस्तकात दोन्ही आहे रे."

"मग अर्धा येऊ? पाय आत, बाकीचा बाहेर?"

"तू लंगडा म्हणून ये."

"ठीक. म्हणजे बोलावणं पायाला आहे. तोंडाला नाही."

"चेष्टा करू नको, झेफानिया."

"चेष्टा कसली? तू शब्दाशब्दाने चालतोयस, मीही तसाच चालतो. तोंड हा तुझा भाऊ आहे. तो घरी राहील."

शुक्रवारी संध्याकाळी नाबोसा बापाजवळ येऊन बसली. ती चटई विणत होती.

"बाबा, लुसवाटाच्या घरी सगळी तयारी झालीय. लॉरी ठरलीय."

"चांगलंय."

"आत्या नसेल तर मी आतल्या खोलीतून बाहेर येणार नाही."

"का?"

"बाहेर येऊन काय करू? मला मागायला आलेला माणूस कोण, हे सांगणारं कुणी नको? ते लोक म्हणतील, या घरानं आपली थट्टा केली. आणि एकदा टोपल्या परत गेल्या की त्या पुन्हा येत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे."

त्याला ठाऊक होतं. त्याने हातातल्या शेंगेकडे पाहिलं. "हे तुझ्या आईसाठी आहे," तो कसाबसा म्हणाला.

"आई असती तर आत्या चार दिवस आधीच आली असती," नाबोसा म्हणाली. "आणि स्वयंपाकघरात दोघींचं भांडण लागलं असतं. घर घरासारखं वाटलं असतं."

याफेसी उठून बोकडांना पाला घालायला गेला. बोकडांना पाला आधीच घातलेला होता.

शनिवारी ऊन छान पडलं. अंगणात खांब रोवून वर केळीची पानं घातली होती आणि खाली चटया. एका बाजूला पाहुण्यांची जागा, समोर मुलीकडच्यांची. मुलीकडच्या बाजूला सोळा जण बसले होते. झेफानिया, आणखी दोन लंगडे, पाठीत वाकलेली एक म्हातारी, मडकीवाली (पत्र्याचा मान राखून ती शेवटी आली होती), एक अपंग शिंपी, आणि असे बाकीचे. कडेला बुयोंडो नावाचा आंधळा म्हातारा. सगळ्यांना चहा दिला होता. सगळे परीक्षेला बसल्यासारखे गप्प होते. एकमेकांकडे बघून 'आपण इथे कशाबद्दल आलोय' हे ज्याला त्याला कळत होतं, आणि ते कुणालाच आवडलेलं दिसत नव्हतं.

कुंपणाबाहेर मात्र जत्रा होती.

लाकेरीने पहाटेच रस्त्याच्या कडेला चटया पसरल्या होत्या. चाळीसएक नातलग. बायका रंगीबेरंगी गोमेसी घालून, खांद्यांची टोकं कडक उभी करून बसल्या होत्या. तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या. केळीच्या पानांत बांधलेलं मटण वाफेवर होतं आणि उकडलेल्या केळ्यांच्या मटोकेचा वास कुंपण ओलांडून आत येत होता. कुणी ढोल आणला होता. मावसभावांतल्या दोघांनी डोळ्यांना फडकी बांधली होती आणि ते एकमेकांना धडकत फिरत होते. एक चुलती पोरांना लंगडायला शिकवत होती. "अरे, डावा पाय म्हणाले मी! झेफानियाचा कोणता, ते तरी बघा!"

याफेसी फाटकाशी गेला. "ताई, हे काय चाललंय?"

"कुठं काय? रस्ता सरकारचा आहे. आम्ही वाटसरू. दमलो, बसलो, भूक लागली, रांधलं."

"चाळीस वाटसरू?"

"आमची वाट मोठी आहे."

तेवढ्यात लॉरी आली. मागून पन्नास पांढरे कांझू उतरले, टोपल्या उतरल्या, एक बकरी उतरली, आणि मुलीच्या भावाला द्यायचा कोंबडा उतरला. पाहुण्यांच्या वतीने बोलणारा वालुगेंबे नावाचा गृहस्थ होता. मसाकाच्या बसवर त्याने तीस वर्षं तिकिटं फाडली होती आणि त्याचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जात होता. त्याने चटयांवरची माणसं पाहिली, चुली पाहिल्या, ढोल पाहिला. हेच मुलीकडचे असं धरून तो टोपी काढून वाकला आणि त्याने भाषण सुरू केलं. हवापाण्याची चौकशी झाली, गुराढोरांची झाली. लाकेरीने ते सगळं ऐकून घेतलं.

"फार छान बोलता," ती म्हणाली. "पण आम्ही या घरचे नाही हो. घरचे आत आहेत."

वालुगेंबेने फाटकातून आत डोकावलं. सोळा गप्प माणसं. "हे?"

"हेच."

पाहुणे आत गेले, बसले. मुलीकडून आता कुणीतरी उठून 'तुम्ही कोण, कुठले, इथे तुम्हाला कोण ओळखतं' असं दरडावून विचारायचं असतं. यातच सगळी मजा असते. सगळ्यांनी झेफानियाकडे पाहिलं. झेफानियाने पाय पुढे पसरला, त्यावरून प्रेमाने हात फिरवला आणि ओठ मिटून घेतले.

शेवटी नाबोसाचा भाऊ दामुलिरा उठला. दामुलिरा लॉरी चालवायचा. त्याला हॉर्न वाजवता यायचा, भाषण येत नव्हतं. "तुम्हाला इथं... कोण ओळखतं?" एवढं म्हणून तो बसलाच.

"या घरची आत्या ओळखते!" वालुगेंबे गरजला. "तिनंच आम्हाला रस्ता दाखवला. कुठाय ती? तिनं यावं आणि आपला माणूस ओळखून घ्यावा!"

कुणी उठलं नाही. घराचं दार बंद होतं आणि दाराआड नाबोसा होती. पांढऱ्या कांझूंच्या तिसऱ्या रांगेत नवरामुलगा लुसवाटा मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झालेले इथूनही दिसत होते. कुंपणाबाहेरचा ढोल थांबला.

वालुगेंबेने पुन्हा हाक दिली, मग आणखी एकदा. मग तो हळूच म्हणाला, आणि हळू बोलताना तो पहिल्यापेक्षा वाईट वाटला, "अहो, मग आम्ही घर चुकलो. आम्हाला इथं कुणीच ओळखत नाही." त्याने मागच्यांना खूण केली. दोघातिघांनी टोपल्यांना हात घातला.

त्याच वेळी कडेला बुयोंडो काठी टेकत उठला. त्याचा चहाचा कप भरलेला, जसाच्या तसा होता.

"बुयोंडोबाबा, बसा हो," याफेसी त्याच्याकडे धावला. त्याला वाटलं, निदान हा तरी हातचा जाऊ नये. "जेवण व्हायचंय अजून."

"कुणाचं?"

"तुमचं. मी बोलावलंय ना तुम्हाला."

"मला नाही बोलावलंस. गुरुवारी तू माझ्या दारात आलास आणि म्हणालास, 'शनिवारी आंधळ्यांना जेवण आहे.' मी आंधळ्याला घेऊन आलो. तुझं त्याला बघून झालं असेल तर आता आम्ही दोघं जातो."

मडकीवाली खुदकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"एसेझानं मला कधी बोलावलं नव्हतं," बुयोंडो म्हणाला.

याफेसीला हीच भीती होती. "कधीच नाही?"

"एकदाही नाही. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना माझ्या काठीचं टोक धरायची आणि चालायला लागायची. 'काका, शेंगा कुटायच्यात, आज पाळी तुमची.' अठरा वर्षं तुझ्या मागच्या अंगणात शेंगा कुटल्यात मी. ही मडकीवाली निवडायला. तुझी लाकेरी मीठ जास्त घालायला. आणि झेफानिया पाय पसरून थापा मारायला. तुला काय वाटलं, तुझ्या ताटातली ती आमटी कोण करतं?"

अठरा वर्षं याफेसी रविवारी पुढच्या अंगणात पुरुषांबरोबर बसायचा आणि मागून मुसळाचा आवाज यायचा. बुयोंडो त्याला शेकडो वेळा दिसला होता. कामाला आलेला कुणी म्हातारा, एवढंच त्याने धरलं होतं.

आणि मग, पन्नास पाहुणे टोपल्या धरून उभे असताना, त्याने आंधळ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि चौदा महिन्यांत कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं. एसेझाची फेड इथेच झाली असेल. ती तिथे रिकाम्या हातांनी उभी असेल. म्हणून हे जेवण.

बुयोंडोने ऐकून घेतलं. त्याचे खांदे हलू लागले. याफेसीला वाटलं, म्हातारा रडतोय. म्हातारा हसत होता.

"उभी? एसेझा? उभी?" त्याला धाप लागली. "अरे, तिनं आतापर्यंत तिथं चारचौघांना धरून शेंगा सोलायला बसवलं असेल! तिथले लोक दारं लावून घेत असतील तिला बघून!"

याफेसीला ते दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. तोही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलं नाही.

"येशूनं तुला दार मोठं करायला सांगितलं, याफेसी," बुयोंडो त्याचा दंड चाचपत म्हणाला. "तू दार तेवढंच ठेवलंस आणि माणसं बदललीस."

"काका, बसा," याफेसी म्हणाला. "मी आलोच."

तो वालुगेंबेपाशी गेला. "घर चुकला नाहीत. चुकलो मी. घटकाभर बसा." मग तो जवळजवळ पळतच फाटकाशी गेला.

"ताई, आत ये."

लाकेरी चुलीतलं लाकूड सारखं करत होती. "कोण, मी? वाटसरू?"

"नाबोसाची आत्या."

"आणि ही चुलती? हे दोघे आंधळे?"

"सगळे या."

"'सगळे' असं कुणाचं नाव नसतं. नावानं बोलाव."

याफेसीने फाटकात उभं राहून एकेकाला हाक मारली. चाळीस नावं. दोन तो विसरला आणि त्या दोघांनी आरडाओरडा केला. एकाचं नाव त्याने दोनदा घेतलं तर तो दोनदा आत आला. डोळ्यांवरची फडकी सुटली, ढोल पुन्हा सुरू झाला, बायका वाफाळती पातेली डोक्यावर घेऊन आत शिरल्या. किबिरिगे कोपऱ्यावर उभा होता, "गिरणीचा पट्टा कसाय?" असं याफेसीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याला आत ढकललं.

"आणि माझ्या तोंडाचं काय?" आतून झेफानियाने हाक दिली.

"तोंडासकट ये!"

"मग जरा सरका!" झेफानिया काठी आपटत उठला आणि पाहुण्यांवर तुटून पडला. "कोण हो तुम्ही? कुठून आलात? आमच्या अंगणात बकरी कशी आणलीत? परवाना आहे?" वालुगेंबेचा चेहरा उजळला. अखेर त्याला कुणीतरी भांडायला मिळालं होतं. दोघे अर्धा तास भांडले. पाहुणे मांड्या थोपटत होते आणि पाठीत वाकलेली म्हातारी मध्येच उठून झेफानियाला शब्द पुरवत होती.

मग लाकेरी फूल घेऊन निघाली. पहिल्या रांगेपुढून गेली, नाक मुरडलं. दुसऱ्या रांगेतल्या एका टकलू म्हाताऱ्यापाशी थांबली. "हा बरा आहे, पण उशीर झालाय." तिसऱ्या रांगेत तिने लुसवाटाची हनुवटी वर केली. "कान एवढे लाल का रे? पळून जाणार होतास?"

"नाही आत्या," लुसवाटा म्हणाला. "इथंच बसणार होतो. हे सगळे परत गेले असते तरी."

लाकेरीने फूल टोचलं, जरा जोरातच, आणि मागे वळून ओरडली, "हा माझा! याला मी आणलाय!"

आतलं दार उघडलं. नाबोसा बाहेर आली तेव्हा बायकांनी असा किलकिलाट केला, की बकरी दोर तोडून केळीच्या बागेत पळाली. भावाचा मान म्हणून मिळालेला कोंबडा काखेत धरून दामुलिरा बकरीमागे धावला.

आता घरधन्याने आपल्या माणसांची ओळख करून द्यायची होती, म्हणजे नव्या जावयाने एकेकापुढे वाकून नमस्कार करायचा. याफेसी उठला. त्याच्या समोर सगळे मिसळून बसले होते. चटया कमी पडल्या होत्या आणि शिंपी चुलतीच्या शालीवर बसला होता.

"ही माझी ताई, लाकेरी. हा माझा भाऊ, झेफानिया." लुसवाटा वाकला. "हे बुयोंडो. एसेझाचे काका." लुसवाटा वाकला. बुयोंडोने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "कान मोठे आहेत, ऐकेल." याफेसी पुढे सरकला. मडकीवालीपाशी थांबून त्याने तिला तिचं नाव विचारलं, कारण ते त्याला माहीत नव्हतं. तिने सांगितलं. "ही एसेझाची मैत्रीण," तो म्हणाला, आणि तिचं नाव घेतलं. मग शिंपी. मग वाकलेली म्हातारी. मग चुलते. मग त्यांच्या सुना. नाव माहीत नसेल तिथे तो थांबायचा, विचारायचा, आणि मग मोठ्याने सांगायचा. पानांतलं मटण निवायला लागलं. कुणाची त्याला थांबवायची छाती होईना. लुसवाटाचा कांझू गुडघ्यांपाशी मातीने माखला होता आणि अजून अर्धं अंगण बाकी होतं.

"अहो व्याहीबुवा!" शेवटी वालुगेंबे बसच्या आवाजात ओरडला. "किती नातलग हे! या सगळ्यांना नमस्कार करता करता आमचं पोर म्हातारं होईल!"

अंगण हसलं. याफेसीने पुढच्या माणसाच्या खांद्यावर ठेवलेला हात तसाच राहू दिला. त्याने लुसवाटाकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या नाबोसाकडे पाहिलं.

"होऊ दे," तो म्हणाला. "दोघं एकदमच होऊ देत."